वॉर्डात अलार्म, बाकावर ‘ठीक’: सिरिंज पंपाच्या पकडीतला परत परत येणारा दोष कसा शोधावा

सिरिंज पंपाच्या, म्हणजे सिरिंजमधले औषध ठरलेल्या दराने रुग्णाच्या शरीरात ढकलणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीत एक तक्रार अशी आहे की ती मिटली असे वाटते आणि थोड्याच दिवसांत त्याच पंपावर पुन्हा उभी राहते. इंदूरच्या अतिदक्षता विभागांत ती बहुधा हिंदीत ऐकू येते, ‘पंप बार-बार बोल रहा है’, आणि दुरुस्तीच्या चिठ्ठीवर तिची तीन रूपे दिसतात. कधी औषध सुरू करून बराच वेळ झाला तरी रक्तदाबावर परिणाम दिसत नाही. कधी नळी पूर्ण मोकळी असताना अडथळ्याचा अलार्म वाजतो. आणि कधी सिरिंज नीट लावलेली असूनही ती बसलेली नाही असे पंप सांगत राहतो. पंप बायोमेडिकल विभागात येतो, बाकावर ५० मिलीची कोरी सिरिंज लावून तासाला १० किंवा २५ मिलीच्या दराने तपासला जातो, मोजमाप मर्यादेत येते आणि ‘पंप ठीक आहे’ असा शेरा मारून तो परत जातो. हा शेरा खोटा नसतो, परंतु तो ज्या परिस्थितीत दिलेला असतो ती परिस्थिती वॉर्डात कधीच नसते. तिथे तोच पंप २० किंवा ५० मिलीच्या, भांडारातून जी मिळेल त्या सिरिंजवर, तासाला ०.८ मिलीसारख्या मंद दराने, लांब एक्स्टेंशन लाइन (सिरिंजपासून रुग्णापर्यंतची जोडनळी) लावून आणि स्टँडवर रुग्णाच्या छातीपेक्षा बराच उंच टांगून चालवलेला असतो.

माझे मत स्पष्ट आहे: या तीन तक्रारींच्या मुळाशी मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स क्वचितच असते. बहुतेक वेळा दोष पंपाने सिरिंज कशी धरली आहे यात असतो, आणि धरण्यातला दोष मंद दरावर, वॉर्डातल्याच सिरिंजवर तपासल्याशिवाय दिसत नाही. पुढे दिलेली कोणतीही चाचणी रुग्णाला जोडलेल्या पंपावर करू नये. आधी रुग्णासाठी दुसरा पंप सुरू करावा, मगच संशयित पंप बाकावर घ्यावा.

पंपाला काय कळते

सिरिंज पंपाला औषध कळत नाही आणि खरे पाहता मिलिलिटरही कळत नाहीत. त्याला दोनच गोष्टी मोजता येतात: पुशर, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या ढकलणारा भाग, किती सरकला आणि सरकताना त्याला किती जोर लागला. आत एक लहान मोटर, बहुधा स्टेपर मोटर, दातेरी चाकांच्या संचातून एक लांब पेचदार दांडा फिरवते. हा दांडा म्हणजे लीड स्क्रू. त्यावर अर्धी चाकी बसलेली असते, जिला कारागीर हाफ नट म्हणतात. ती पेचात अडकली की पुशर दांड्याबरोबर पुढे सरकतो, आणि क्लचचा खटका दाबला की ती पेचातून सुटते व पुशर हाताने मोकळा सरकवता येतो. दराचे अंतरात रूपांतर करणारा एकमेव दुवा म्हणजे सिरिंजचा आतला व्यास. तो पंप स्वतः मोजत नाही. पडद्यावर निवडलेल्या सिरिंजच्या नावावरून आपल्या तक्त्यातून उचलतो.

हे आकडे एकदा मनात बसले की पुढचा तपास सोपा होतो. आतला व्यास २६.७ मिमी असलेल्या ५० मिलीच्या सिरिंजमध्ये १ मिली औषध ढकलण्यासाठी प्लंजर, म्हणजे दट्ट्या, सुमारे १.८ मिमी सरकावा लागतो. १९.१ मिमी व्यासाच्या २० मिलीच्या सिरिंजमध्ये तेच अंतर ३.५ मिमी होते आणि १४.५ मिमी व्यासाच्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये ६ मिमीच्या थोडे पुढे जाते. म्हणजे ५० मिलीच्या सिरिंजवर तासाला ०.८ मिलीचा दर लावला, तर प्लंजर पूर्ण तासाभरात दीड मिलिमीटरही सरकत नाही. इतक्या मंद गतीत पकडीतली थोडीशी सैलही तासांच्या हिशोबात मोजावी लागते.

अंतर हीच या यंत्राची मूळ भाषा आहे, हे विसरल्याने घडणाऱ्या चुका जुन्या आहेत. ब्रिटनमध्ये मार्टिन राइट यांनी १९७० च्या दशकात थॅलेसेमियाच्या रुग्णांना औषध देण्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा सिरिंज ड्रायव्हर तयार केला; पुढे तो वेदनाशामक उपचारांत रुळला. त्या घराण्यातले एक उपकरण मिलिमीटर प्रति तास या मापावर चाले आणि दिसायला जवळजवळ तसेच असलेले दुसरे मिलिमीटर प्रति २४ तास या मापावर. दोहोंची अदलाबदल झाली की डोस चोवीस पट चुकत असे. आजचे पंप पडद्यावर मिलिलिटर दाखवतात, त्यामुळे तो घोळ संपला, परंतु पडद्यामागे गणित अजून मिलिमीटरचेच आहे.

औषध उशिरा लागू होते, मग एकदम लागू होते

सिरिंज पंपात तीन जागी धरलेली असते. बॅरलची फ्लँज, म्हणजे सिरिंजच्या नळकांड्याच्या मागच्या टोकाशी असलेले दोन कान, एका खाचेत बसतात. बॅरलवर वरून स्प्रिंगचा क्लॅम्प दाबतो. आणि प्लंजरच्या टोकाची चकती पुशरच्या तोंडाला टेकते, तिला मागून दोन नख्या धरतात. या तिन्ही जागी थोडी सैल असतेच, कारण एकाच पंपाला अनेक कंपन्यांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या आणि फ्लँज सामावून घ्यायच्या असतात. यात रबरी बूच दाबले जाणे, नळीचे किंचित फुगणे आणि दातेरी चाकांमधली मोकळीक यांचीही भर पडते. पंप सुरू झाल्यावर आधी ही सगळी सैल भरून निघते, मगच औषध नळीतून पुढे सरकू लागते.

सैल एकूण १ मिमी धरली, तर तासाला ०.८ मिलीच्या दरावर ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ती भरून निघायला सुमारे ४२ मिनिटे लागतात. २० मिलीच्या सिरिंजमध्ये २१ मिनिटे आणि १० मिलीच्या सिरिंजमध्ये १२ मिनिटे लागतात. या काळात पडद्यावर ‘चालू आहे’ असे दिसते, मोटर फिरत असते, एकूण दिलेल्या मात्रेचा आकडाही वाढत जातो आणि रुग्णाला प्रत्यक्षात काही मिळत नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा रक्तातला अर्धायुकाल दोन ते तीन मिनिटांचा असतो. जुनी सिरिंज संपून नवी लावताना पडलेला दहा-पंधरा मिनिटांचा खंड मॉनिटरवर सरळ उतार दाखवतो. मग घाईने दर वाढवला जातो, सैल भरून निघते, वाढवलेल्या दराने औषध पोहोचते आणि रक्तदाब उसळतो. चिठ्ठीवर ‘पंप अचानक जास्त औषध देतो’ असे लिहून येते ते बहुधा या क्रमाचे शेवटचे टोक असते.

उपाय साधा आहे, पण तो प्रत्येक वेळी आणि त्याच क्रमाने व्हावा लागतो. सिरिंज लावल्यावर पुशर हाताने प्लंजरच्या चकतीला नीट टेकवावा, नख्या बंद झाल्याची खात्री करावी, लाइन रुग्णाला जोडलेली नसताना पंपाच्याच पर्ज बटणाने लाइनच्या टोकाशी थेंब येईपर्यंत औषध पुढे न्यावे आणि मगच जोडणी करावी. लाइन हाताने भरून आणून पंपावर लावणे जलद वाटते, परंतु त्याने हवा निघते, सैल निघत नाही. सैल फक्त मोटरनेच ढकलल्यावर भरते. सिस्टर मंडळींना प्रशिक्षण देताना मी पर्जचे हे दुसरे कारण सांगतो, कारण पहिले, म्हणजे हवा काढणे, सगळ्यांना ठाऊक असते आणि ते हाताने साधते म्हणून पर्ज वगळला जातो.

मंद दरासाठी लहान सिरिंज वापरणे हा दुसरा उपाय आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तासाला ५ मिलीपेक्षा कमी, आणि विशेषतः ०.५ मिलीपेक्षा कमी दरावर सिरिंज पंपाच्या प्रवाहात पडणाऱ्या खंडांविषयी सुरक्षा-सूचना काढली होती. त्यात शक्य तितकी लहान सिरिंज वापरण्याचा सल्ला होता. वरची ४२, २१ आणि १२ मिनिटे पाहिली की तो सल्ला का दिला हे कळते. पण लहान सिरिंज आपल्याबरोबर दुसरी अडचण आणते, आणि आपल्याकडे दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

नळी मोकळी, तरीही अडथळा

बहुतेक सिरिंज पंप नळीतला दाब थेट मोजत नाहीत. पुशरच्या आत एक लोड सेल असतो. तो प्लंजर ढकलायला लागणारा जोर मोजतो आणि पंप त्या जोराला सिरिंजच्या आतल्या क्षेत्रफळाने भागून दाब ठरवतो. या जोरात द्रवाचा दाब असतो तसे रबरी बुचाचे बॅरलशी होणारे घर्षणही असते, आणि पंपाला या दोन्हींत फरक करता येत नाही. निवडलेल्या सिरिंजसाठी ठरावीक घर्षण वजा करण्याची सोय काही पंपांत असते, पण हातात असलेली सिरिंज त्यापेक्षा जड चालली की वरचा सगळा जोर दाब म्हणून मोजला जातो.

घर्षण अपेक्षेपेक्षा ५ न्यूटन जास्त असेल, तर ५० मिलीच्या सिरिंजवर पंपाला ते सुमारे ६७ मिलिमीटर पारा इतका दाब भासते. २० मिलीवर तेच सुमारे १३० होते आणि १० मिलीवर सुमारे २२५. अडथळ्याची मर्यादा ३०० वर ठेवली असेल, तर १० मिलीच्या सिरिंजवर तीन-चतुर्थांश मर्यादा नुसत्या घर्षणाने खाल्ली जाते, आणि उरलेल्या अंतरात बारीक कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी), लांब लाइन किंवा रुग्णाने हात मुडपणे यांपैकी काहीही अलार्म वाजवायला पुरेसे ठरते. लहान सिरिंज वापरायची असेल, तर तिचा प्लंजर सहज सरकणारा असावाच लागतो. आयएसओ ७८८६ या मानकाचा पहिला भाग हाताने वापरायच्या सिरिंजसाठी आणि दुसरा भाग खास यांत्रिक पंपात वापरायच्या सिरिंजसाठी आहे, तो याच कारणाने. दोन्ही सिरिंज बाहेरून सारख्याच दिसतात.

इथे खरेदीचा प्रश्न येतो. आमच्याकडे मोठी रुग्णालये वर्षाचा करार करतात, पण मधल्या आणि लहान रुग्णालयांत भांडार संपत आले की दवा बाजारातून जी ५० किंवा २० मिलीची सिरिंज मिळेल ती येते, आणि आठवड्यापूर्वी आलेल्या खोक्याशी तिचा काही संबंध नसतो. पंपाची तक्रार आली की मी पंप पाहण्याआधी त्या दिवशीचे सिरिंजचे खोके मागवतो. अलार्म एकाच पंपावर येतो की एकाच खोक्यातल्या सिरिंजवर येतो, या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

पुढचा क्रम असा ठेवावा. सर्वप्रथम खरा अडथळा नाही याची वॉर्डातच खात्री व्हावी: थ्री-वेची, म्हणजे लाइनवरच्या तीन वाटांच्या तोटीची, मूठ कोणत्या बाजूला आहे, क्लिप बंद आहे का, कॅन्युलाची जागा सुजली आहे का. खोट्या अलार्मची सवय झालेला विभाग खऱ्या अडथळ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो, म्हणून हे पाऊल कधीही गाळू नये. त्यानंतर बाकावर तीच सिरिंज, पाणी भरून, पुढे कोणतीही लाइन न लावता, तोंड उघडे ठेवून वॉर्डातल्याच दराने चालवावी. तोंड उघडे असताना द्रवाचा दाब जवळजवळ शून्य असतो. तरीही पंप दाब दाखवत असेल, तर तो घर्षण मोजत आहे किंवा त्याच्या लोड सेलचे शून्य सरकले आहे. दुसऱ्या खोक्यातली सिरिंज लावून पाहिली की या दोन शक्यता वेगळ्या होतात: आकडा उतरला तर दोष सिरिंजचा, आहे तसाच राहिला तर सर्व्हिस मेन्यूत जाऊन पुशर मोकळा असताना लोड सेल काय दाखवतो ते पाहावे. प्लंजर काही काळ एकाच जागी राहिला की बूच बॅरलला चिकटते, म्हणून औषध भरण्याआधी प्लंजर एकदा पूर्ण मागे-पुढे करून घेणेही उपयोगी पडते. चिकटलेले बूच अलार्म वाजवतेच, शिवाय ते सुटते तेव्हा झटक्याने सुटते आणि मंद प्रवाह थेंबाथेंबाऐवजी टप्प्याटप्प्याने जातो.

अलार्मची मर्यादा वाढवून शांतता मिळवणे हा मार्ग मला मान्य नाही. मर्यादा वाढली की खरा अडथळा उशिरा कळतो आणि तोवर सिरिंज व नळीत जास्त औषध दाबून साठते. अडथळा दूर होताच ते सगळे एकदम रुग्णात जाते. म्हणून अलार्म वाजल्यावर थ्री-वे घाईने उघडू नये; आधी तो रुग्णाच्या बाजूने बंद करावा, साठलेला दाब दुसऱ्या बाजूने बाहेर सोडावा, आणि मग जोडणी पूर्ववत करावी.

नख्यांचे काम ढकलण्याचे नाही

पुशर प्लंजरला ढकलतो, मग मागून नख्या कशासाठी, असा प्रश्न नवीन तंत्रज्ञ विचारतात. येथील गोविंदराम सेकसरिया संस्थेच्या बायोमेडिकल शाखेतून प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांनाही तो पडतो, आणि प्रश्न योग्य आहे. नख्यांचे काम प्लंजरला आपोआप पुढे जाऊ न देण्याचे आहे. पंप रुग्णाच्या हृदयाच्या पातळीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर नळीतल्या द्रवस्तंभाचा सुमारे ७४ मिलिमीटर पारा इतका दाब सिरिंजमधले औषध खाली ओढतो. ५० मिलीच्या प्लंजरवर ही ओढ साडेपाच न्यूटनच्या आसपास भरते, १० मिलीवर दीड न्यूटनपेक्षा किंचित जास्त. मोठ्या आणि गुळगुळीत चालणाऱ्या सिरिंजचे घर्षण एवढी ओढ अडवू शकेलच असे नाही. नख्या सुटलेल्या असतील, तर प्लंजर मोटरची वाट न पाहता पुढे जातो आणि काही मिनिटांत सिरिंज रिकामी होऊ शकते. ज्या गुणामुळे सिरिंज खोटे अलार्म देत नाही, तोच गुण नख्या नसताना धोकादायक ठरतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणूनच मोडक्या नखीवर किंवा सैल क्लॅम्पवर मायक्रोपोर टेप गुंडाळून पंप चालवण्याचा जुगाड मी कुठे पाहिला की तो पंप तिथल्या तिथे काढून घेतो. टेपने पुशरच्या तोंडावरचे, प्लंजर टेकला की दाबले जाणारे बटण दाबलेले राहिले, तर प्लंजर आहे असेच पंपाला वाटत राहते, आणि जो अलार्म वाजायला हवा तोच गप्प होतो. हे बटण टेपशिवायही अडकते. ग्लुकोज किंवा प्रोपोफॉलचे सांडलेले थेंब त्याच्या कडेला वाळतात आणि ते आत गेलेले बाहेर येत नाही, किंवा बाहेरचे आत जात नाही. पहिल्या स्थितीत पंप धोकादायकरीत्या शांत राहतो, दुसऱ्या स्थितीत सिरिंज लावलेली असूनही ती नाही असे सांगत राहतो. तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, आणि कोमट पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पाच मिनिटांत ते जाते. स्पिरिटने वारंवार आणि भरपूर पुसणे मात्र टाळावे. पारदर्शक प्लास्टिकच्या भागांना त्याने बारीक तडे जातात आणि नखी तिथेच मोडते. कोणते द्रव चालतात हे पंपाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

नख्या शाबूत असल्या तरी त्यांच्यात आणि चकतीत थोडी सैल उरते, आणि आधीच्या भागातला तो १ मिमी इथे दुसऱ्या वेषात भेटतो. पंप एकाएकी उंच उचलला, तर ओढीने प्लंजर तेवढी सैल ओलांडून पुढे जातो: ५० मिलीच्या सिरिंजमध्ये १ मिमी म्हणजे ०.५६ मिली, आणि तासाला ०.८ मिलीच्या दरावर हा ४२ मिनिटांचा डोस काही क्षणांत जातो. पंप खाली आणला की उलट घडते आणि काही काळ रुग्णाला काहीच मिळत नाही. खरगोनकडून मानपूरचा घाट चढून किंवा देवास, धारहून रुग्णवाहिकेतून इंदूरला आणलेल्या रुग्णाचा रक्तदाब खाटेवर घेताना हेलकावे खातो, तेव्हा प्रवासाचा थकवा हे कारण सुचते. पण पंप स्ट्रेचरवर कुठे होता आणि मग स्टँडवर किती उंचावर लावला, हेही विचारून पाहावे. नवजात बालकांच्या विभागात तर पंप बाळाच्या पातळीवरच ठेवावा आणि उंची बदलताना लाइन बंद करावी. सिरिंज बदलतानाही हाच नियम आहे: रुग्णाच्या बाजूचा थ्री-वे बंद केल्याशिवाय नख्या किंवा क्लॅम्प कधीही उघडू नये.

एक प्रसंग असा आहे की त्यात नख्यांचाही उपयोग होत नाही. बॅरलला तडा गेला असेल किंवा जोडणी सैल असेल, तर प्लंजर जागच्या जागी राहूनही हवा आत शिरते आणि औषध खाली वाहते. यावर लाइनमधला अँटी-सायफन व्हॉल्व्ह, म्हणजे औषध आपोआप वाहू न देणारी झडप, हा उपाय आहे. शिवाय सिरिंज लुअर-लॉकची, म्हणजे फिरवून घट्ट बसवायचीच असावी, नुसती दाबून बसवायची नको.

सिरिंजचा आकार पंपाने ओळखला, कंपनी माणसाने निवडली

बॅरलवरचा क्लॅम्प किती उघडला यावरून पंप बाहेरचा व्यास ओळखतो आणि सिरिंज २० मिलीची की ५० ची ते ठरवतो. क्लॅम्पखालचा सेन्सर सरकलेला असेल, तर शेजारच्या आकारांची गल्लत होते. २० मिलीची सिरिंज, आतला व्यास १९.१ मिमी, पंपाने ३० मिलीची म्हणून घेतली आणि तक्त्यात तिचा व्यास २१.७ मिमी असला, तर रुग्णाला ठरवलेल्या मात्रेपेक्षा सुमारे २२ टक्के कमी औषध जाईल, आणि कोणताही अलार्म वाजणार नाही. कंपनीची निवड चुकली तरी फरक दुर्लक्षिण्यासारखा नसतो. २७ मिमीऐवजी आतला व्यास २८ मिमी निघाला, तर मात्रा साडेसात टक्क्यांनी वाढते. पंपाच्या यादीत नसलेली सिरिंज ‘जवळची’ कंपनी निवडून वापरू नये, एवढे सांगून मी हा भाग सोडतो. यादीतल्या सिरिंजच खरेदी कराव्यात हा निर्णय भांडार आणि प्रशासन यांनी घ्यायचा असतो, तंत्रज्ञाने नव्हे.

बाकावर काय करावे

पुशर हाताने धरून, क्लच न दाबता, मागे-पुढे हलवून पाहावा. निरोगी पंपात जाणवेल न जाणवेल इतकीच हालचाल होते. स्पष्ट खडखड जाणवली, तर हाफ नटचे पेच झिजलेले आहेत किंवा तिला दाबून धरणारी स्प्रिंग थकलेली आहे. अशी चाकी कमी दाबावर व्यवस्थित चालते आणि मागचा दाब वाढला की एक-दोन पेच उडी मारते, त्यामुळे उघड्या तोंडाच्या चाचणीत ती पास होते. दाबमापक लावून, पंप अडथळ्याच्या मर्यादेपर्यंत नेल्यावरच ती पकडली जाते. मोटर फिरते पण पुशर सरकत नाही, हे ओळखण्यासाठी चांगल्या पंपांत मोटरवर एन्कोडर (तिचे फिरणे मोजणारा सेन्सर) आणि पुशरवर वेगळा स्थितिदर्शक सेन्सर असे दोन स्वतंत्र साक्षीदार असतात. त्यांच्या आकड्यांत फरक पडला की पंप थांबतो, आणि तसा संदेश लॉगमध्ये दिसला तर मोटर बदलण्याची घाई न करता आधी चाकी आणि दांडा पाहावा. दांड्यावर आणि मार्गदर्शक सळ्यांवर औषध व धूळ यांचा चिकट थर बसलेला असेल, तर तो काढून उत्पादकाने सांगितलेलेच वंगण लावावे. शिलाई-मशीनचे तेल काही दिवस बरे चालते आणि मग धूळ दुप्पट धरते.

यानंतर वजनाची चाचणी घ्यावी, आणि ती वॉर्डातल्या दराने घ्यावी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, अरुंद तोंडाची लहान बाटली, आणि बाष्पीभवन थांबवण्यासाठी पाण्यावर लिक्विड पॅराफिनचा पातळ थर एवढे पुरते. वॉर्डातून आणलेली सिरिंज आणि तशीच लाइन लावून तासाला ०.८ मिलीवर पंप सुरू करावा व दर दहा मिनिटांनी वजन लिहावे. दर वेळी सुमारे ०.१३ ग्रॅमची भर पडायला हवी. पर्ज न करता घेतलेल्या चाचणीत पहिल्या दोन-तीन नोंदी शून्याजवळ आल्या आणि पर्ज करून घेतलेल्या चाचणीत नाहीशा झाल्या, तर तक्रारीचे कारण वॉर्डातल्या पद्धतीत आहे. पर्ज करूनही त्या तशाच राहिल्या, तर पकडीतली सैल पंपाच्या स्वतःच्या झिजेची आहे. नोंदी शून्यावर नाहीत पण एकदा ०.०५ आणि एकदा ०.२२ अशा उड्या मारत आहेत, तर बूच चिकटत-सुटत आहे किंवा चाकी घसरत आहे, आणि सिरिंज बदलून दुसरी चाचणी घेतली की त्यांतले कोणते ते कळते. पंपांच्या अचूकतेसाठी असलेल्या आयईसी ६०६०१-२-२४ या मानकातही सुरुवातीच्या काळातला प्रवाह वेगळा नोंदवण्याची पद्धत आहे. वार्षिक तपासणीच्या प्रमाणपत्रावर बहुधा एका मध्यम दराचा सरासरी आकडाच छापलेला असतो, आणि सरासरीत ही पहिली चाळीस मिनिटे दिसत नाहीत.

ज्या पंपाची नखी मोडलेली आहे, बटण अडकते, चाकी घसरते किंवा दोन स्वतंत्र चाचण्यांत प्रवाह विनाकारण बदलतो, तो दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढावा आणि त्यावर तसा कागद चिकटवावा, म्हणजे रात्रपाळीत कोणी तो गरजेपोटी उचलणार नाही. रुग्णाला इजा झाली असेल किंवा होता होता टळली असेल, तर ते केवळ दुरुस्तीच्या वहीत ठेवू नये. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१५ पासून चालू आहे आणि त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर ‘पंप खराब’ या दोन शब्दांऐवजी सिरिंजची कंपनी व आकार, खोक्याचा लॉट क्रमांक, चालू दर, औषध, लाइनची लांबी, पंपाची रुग्णापासूनची उंची आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून मागावा. ही सात उत्तरे हातात आली की वरच्यापैकी कोणती चाचणी आधी घ्यायची, हे पंप उघडण्यापूर्वीच ठरवता येते.